शीआनमध्ये मुलांना घेऊन एक दिवस पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजिंग, शांघाय सोडून शीआन कशासाठी?

कारण चीनच्या मोठ्या शहरांमध्ये मुलांना घेऊन पायी फिरायला इतकं सोपं शहर क्वचितच सापडेल. लोकवस्ती सव्वा कोटीच्या पुढे आहे, पण जुनं शहर मिंग राजवटीत बांधलेल्या चौकोनी तटाच्या आत नीट बसलं आहे. तटाचा घेर सुमारे १३.७ किलोमीटर. आत साधारण मध्यावर घंटामनोरा, आणि तिथून चार दिशांना चार सरळ रस्ते. वाट चुकली तरी कुठल्याही मोठ्या रस्त्याने चालत राहा, एकतर मनोरा लागतो नाहीतर तट. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात नकाशा देऊन "आता तू ने" म्हणावं, असं हे शहर आहे.

एका दिवसात पायी किती होतं?

खाली दिलेला मार्ग सगळा मिळून सहा ते सात किलोमीटरचा आहे. त्यात रांगेतलं उभं राहणं आणि गल्ल्यांतलं रेंगाळणं धरलेलं नाही, म्हणून फोनवर दिवसाअखेर दहा किलोमीटर दिसले तर नवल नाही. सहा वर्षांच्या पुढची मुलं हे करतात, पण एका अटीवर: दुपारी दोन ते चार विश्रांती. ती गाळली की संध्याकाळचा सगळ्यात सुंदर भाग रडारडीत जातो. त्यामुळे हॉटेल तटाच्या आत, घंटामनोरा किंवा दक्षिण दरवाजाच्या जवळ घ्या. लांबचं स्वस्त हॉटेल घेतलं तर परत जाण्याचाच कंटाळा येतो आणि विश्रांती आपोआप रद्द होते.

भारतातून पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा बेत आखू नका. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे साडेचार. आठ वाजता तटावर उभं राहायचं असेल तर मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या.

मार्ग नेमका कसा?

सकाळी आठच्या सुमारास मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावरील योंगनिंगमन स्थानकात उतरा. हा तटाचा दक्षिण दरवाजा. इथे खंदक, पूल, बाहेरचा दरवाजा, मधला बंदिस्त चौक आणि मग मुख्य दरवाजा अशी रचना आहे. आपल्या किल्ल्यांवरचं रणमंडळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हिचा हेतू लगेच कळेल: शत्रू पहिल्या दरवाजातून आत आला की चारही बाजूंनी वरून मारा. मुलांना हे वर चढण्याआधी, चौकात उभं करून दाखवा. वरून पाहिल्यावर तेवढं उमजत नाही.

तिकीट काढून पायऱ्यांनी फांजीवर या. तट १२ मीटर उंच आहे आणि वरची वाट १२ ते १४ मीटर रुंद, म्हणजे दोन गाड्या बाजूबाजूने सहज जातील. १३७० ते १३७८ या काळात मातीचे थर ठोकून तो उभारला आणि १५६८ मध्ये विटांनी मढवला. आता पूर्वेकडे, खंदक उजव्या हाताला ठेवून चालायला लागा. दर १२० मीटरवर बाहेर आलेला एक बुरूज लागेल. हे अंतर मोजूनमापून ठरवलेलं आहे. दोन बुरुजांच्या बरोबर मध्ये उभा असलेला शत्रू दोन्हीकडून ६० मीटरवर येतो आणि तेवढा पल्ला बाणाच्या टप्प्यातला आहे. मुलांना एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजू द्या.

एक किलोमीटरच्या आतच वनचांगमन दरवाजा येतो. वर क्वेइशिंग नावाच्या विद्यादेवतेचा छोटा मनोरा आहे. एरवी सगळ्या तटावर लढाईच्याच इमारती, त्यात ही एक परीक्षार्थींसाठी. इथून खाली उतरा. उतरल्या उतरल्या बेइलिन, म्हणजे शिलालेखांचं संग्रहालय. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

तिथून पश्चिमेकडे शूयुआनमन या जुन्या रस्त्याने या. कुंचले, शाई, कागद आणि शिक्के यांची दुकानं ओळीने आहेत. मुलाचं नाव चिनी लिपीत कोरून दगडी शिक्का करून मिळतो. साधा दगड घ्या आणि कोरायला लागण्याआधी दगडाची आणि कोरणावळीची एकत्र किंमत ठरवा. नुसती दगडाची किंमत ऐकून हो म्हटलं की नंतर अक्षरागणिक पैसे वाढतात. काम होईपर्यंत शेजारी पाण्याने पाटीवर अक्षरं गिरवायला मिळतात, तिथे मुलं रमतात.

रस्ता संपला की नानदाजिए हा दक्षिणोत्तर मोठा रस्ता. उजवीकडे वळून पाऊण किलोमीटर चाललं की घंटामनोरा. वाटेत मोठी दुकानं आहेत, थांबायला फारसं काही नाही, सरळ चला. मनोरा १३८४ मधला आहे आणि १५८२ मध्ये तो उचलून आजच्या जागी आणला. तो वाहतुकीच्या वर्तुळाच्या मधोमध असल्याने रस्त्यावरून जाता येत नाही, भुयारी वाटेनेच जावं लागतं. या भुयारात लोक हमखास चुकतात, कारण बाहेर पडायच्या वाटा अनेक आणि चारही बाजू सारख्या दिसतात. आत उतरण्याआधी कुठल्या कोपऱ्यावर निघायचं ते नकाशात पाहून ठेवा. नगारखान्याकडे जायला वायव्येचा कोपरा.

नगारखाना १३८० चा, घंटामनोऱ्यापासून पाच मिनिटांवर. सकाळी घंटा आणि संध्याकाळी नगारा वाजवून शहराची वेळ सांगत. वर सज्जात मोठमोठे २४ नगारे मांडले आहेत, चिनी पंचांगातल्या २४ ऋतुपर्वांचे. दोन्हीपैकी एकच चढायचं असेल तर नगारखाना चढा. आत वादनाचा छोटा कार्यक्रम असतो, आणि वरून मुस्लिम वस्तीची कौलं दिसतात. खाली कमानीतून पलीकडे गेलं की तीच वस्ती सुरू होते. तिथे जेवण, मग मोठी मशीद, मग हॉटेल.

चार वाजता पुन्हा निघा. घंटामनोऱ्याजवळच्या जोंगलोउ स्थानकातून २ क्रमांकाच्या मेट्रोने दक्षिणेकडे चार स्थानकं, शियाओजाय. तिथे ३ क्रमांकाची गाडी घेऊन पुढचंच स्थानक दायेनथा. शियाओजायला संध्याकाळी दादरसारखी गर्दी असते, मुलांचा हात सोडू नका. उतरलात की थोरल्या हंस पॅगोड्याचा परिसर.

तटावर सायकल घ्यावी का?

मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील आणि बेइलिन गाळणार असाल तर जरूर. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात. एकट्याची आणि दोघांची, अशा दोन्ही सायकली भाड्याने मिळतात. भाडं ठरावीक तासांचं असतं, अनामत ठेवावी लागते, पासपोर्टचा तपशील लागतो. लहान मुलांना स्वतंत्र सायकल देत नाहीत.

अडचण वेगळीच आहे. वरची फरसबंदी विटांची आणि खडबडीत आहे. पाचव्या किलोमीटरनंतर हात आणि बूड दुखायला लागतं आणि तेव्हा आपण बरोबर उत्तरेच्या बाजूला, हॉटेलपासून सगळ्यात लांब असतो. सावली जवळपास नाहीच. म्हणून पूर्ण फेरीऐवजी दक्षिण दरवाजापासून एका बाजूला अर्धा तास जाऊन परत या. पाय न दुखवता पूर्ण फेरी हवी असेल तर विजेवरची गाडी वर मिळते.

बेइलिन मुलांना कंटाळवाणं होईल?

सात वर्षांखालच्यांना होईल, तेव्हा सरळ सोडून द्या. मोठ्यांना दाखवायचं तर सगळं दाखवू नका, दोनच गोष्टींसाठी जा. पहिली, ८३७ मध्ये कोरलेले अभिजात ग्रंथ: ११४ शिळा, दोन्ही बाजूंना मजकूर, साडेसहा लाख अक्षरं. छापखाना रुळण्याआधी ग्रंथाची शुद्ध प्रत कायम राहावी म्हणून तो दगडावरच कोरून ठेवला, आणि विद्यार्थी येऊन प्रत पडताळून घेत. दुसरी, ७८१ मधली ख्रिस्ती शिळा. चिनी मजकुराबरोबर तिच्यावर सीरियाक लिपीतल्या ओळी आहेत. तांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) हे शहर रेशीम मार्गाचं टोक होतं, ते या एका दगडावरून कळतं.

काही शिळांवर ओला कागद चिकटवून शाईच्या पुरचुंडीने ठसा काढणारा कारागीर दिसला तर दहा मिनिटं तिथेच थांबा.

मशिदीत आपल्याला जाता येतं का?

येतं. हुआजुए गल्लीतली ही मशीद आहे. परंपरेने तिची स्थापना ७४२ ची मानतात, आजच्या इमारती मिंग आणि नंतरच्या काळातल्या. बाहेरून घुमट किंवा उंच मिनार दिसेल असं समजून लोक शोधत बसतात आणि दोनदा दारावरून पुढे जातात. इथे सगळं चिनी बांधणीचं आहे: कौलारू छपरं, लाकडी कमानी, एकामागून एक चौक, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी तीनमजली मनोरा. चिनी देवळं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही पूर्व-पश्चिम पसरली आहे, कारण मक्का पश्चिमेला.

गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, बाहेरून पाहता येतं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. गल्ल्यांच्या कोलाहलानंतर इथली झाडांची सावली आणि शांतता मुलांनाही मानवते, त्यामुळे जेवणानंतरच ठेवा.

हंस पॅगोडे तटाच्या बाहेर का आहेत?

कारण तट नंतरचा आहे. तांग काळातलं छांगआन, म्हणजे तेव्हाचं शीआन, ८४ चौरस किलोमीटरवर पसरलं होतं. त्या मानाने आजचा तट फार थोडा भाग वेढतो. थोरला पॅगोडा तेव्हा शहराच्या आतच होता, आज दक्षिण दरवाजापासून सुमारे चार किलोमीटर दूर आहे. हे अंतर चालत जाऊ नका. रस्ता रुंद, गर्दीचा आणि कंटाळवाणा आहे, मेट्रो बरी.

मराठी कुटुंबाने मात्र हा पॅगोडा चुकवू नये. भारतातून ६४५ मध्ये परतलेल्या युआन श्वांगने (शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग) ६५७ ग्रंथ बरोबर आणले. ते आगीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी त्याच्या आग्रहावरून ६५२ मध्ये हा विटांचा मनोरा बांधला गेला. तोच प्रवासी ६४१ च्या आसपास पुलकेशीच्या राज्यात आला होता. महाराष्ट्राला त्याने मोहोलाचा लिहिलं. इथले लोक उंच, साधे आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केलेल्याला सोडत नाहीत, असं त्याने नोंदवलं. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं वर्णन त्याने केलं, ते अजिंठ्याचं मानलं जातं. अजिंठा पाहिलेल्या मुलाला दक्षिणेकडच्या चौकातल्या त्याच्या पुतळ्यासमोर हे सांगा. दोन ठिकाणं एका माणसाने जोडलेली आहेत, हे त्याच्या कायम लक्षात राहील.

मूळचा पाचमजली मनोरा आठव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधला गेला. आज सात मजले आणि ६४ मीटर उंची आहे. पॅगोडा ज्या मंदिराच्या आवारात आहे त्याचं एक तिकीट, वर चढायचं दुसरं. आतला जिना लाकडी आणि अरुंद आहे, वरच्या खिडक्या छोट्या आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन चढण्यात मजा नाही. तळमजल्याच्या दक्षिण दाराशी ६५३ चे दोन कोरीव शिलालेख मात्र बघा.

इथे लोक सर्रास उशीर करतात. मंदिरात नव्याने आत सोडणं संध्याकाळी, हंगामानुसार साधारण पाच-साडेपाचला थांबतं, पण कारंजं आणि रोषणाई रात्रीची असते. दोन्ही हवं असेल तर साडेचारपर्यंत मंदिरात, मग खाणं, मग उत्तरेच्या चौकात संगीत कारंजं. त्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हॉटेलच्या स्वागतकक्षात त्याच दिवशी विचारा.

रात्रीचा दातांग बुयेछंग रस्ता मुलांना नेण्यासारखा आहे का?

थोरल्या पॅगोड्यापासून दक्षिणेकडे जाणारा, दिव्यांनी मढवलेला हा पादचारी रस्ता खरोखर देखणा आहे. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत तिथे माणसांची भिंत होते. लहान मूल बरोबर असेल तर अंधार पडता पडता पोचा, पाचशे मीटर आत जा आणि मागे फिरा. पूर्ण टोकापर्यंत गेलात तर परतीचीही गर्दी तेवढीच तुडवावी लागते. तांग काळाचा वेष भाड्याने घेऊन फोटो काढायचा असेल तर केशरचना आणि रंगरंगोटीला तास-दीड तास धरा. मुलांसाठी नुसता वेष घ्या, रंगरंगोटी टाळा.

शाकाहारी माणसाचं जेवण होतं का?

होतं, आणि चवीने होतं. मात्र इथे मुस्लिम वस्तीत डुकराचं मांस नसलं तरी बोकडाचं आणि गोमांस सगळीकडे आहे. 'हलाल म्हणजे निदान गोमांस नसेल' असा कुणाचा समज असेल तर तो आधीच काढून टाका. हे शब्द घोकून ठेवा: न्यो रौ म्हणजे गोमांस, यांग रौ मेंढी-बोकडाचं, जू रौ डुकराचं. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. 'बू याओ रौ' म्हणजे मांस नको, 'बू याओ जीदान' म्हणजे अंडं नको. उच्चारावर विसंबू नका. हॉटेलातून चिनी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा काही नको. रस्सा हा शब्द लिहायलाच हवा. 'मांस नको' म्हटल्यावर तुकडे काढून त्याच रश्शातल्या नूडल्स समोर येतात, आणि त्यांच्या दृष्टीने तुमचं म्हणणं त्यांनी पाळलेलं असतं.

काय खाल: लियांगपी, म्हणजे तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या रुंद थंड पट्ट्या, वर व्हिनेगर, लसूण, मिरचीचं तेल. मुस्लिम वस्तीत त्यावर तिळाचा दाट लगदा घालतात, ती जरूर घ्या. योपो म्येन म्हणजे हाताने ओढलेल्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स, वर तिखट आणि लसूण ठेवून कडकडीत तेलाची फोडणी. आपल्या जिभेला ही चव लगेच ओळखीची वाटते. मात्र काही ठिकाणी त्यावर खिमा घालतात, आधी विचारा. एक वाडगा दोन लहान मुलांना पुरतो.

गोडात जंगगाव: चिकट तांदूळ, खजुरासारखी लाल बोरं आणि घेवडा थरांनी रचून तासन्‌तास वाफवलेला. पर्सिमन फळाच्या गराची तळलेली गोड पुरी शरदात उत्तम. काडीवर मिळणारा छोटा वाफवलेला जिंगगाव मुलांसाठी. पिवळ्या-केशरी संत्र्याचा बिंगफंग सोडा इथल्या प्रत्येक जेवणाबरोबर असतो. सकाळी सगळे ओरपत असलेला हूलाथांग मात्र टाळा, त्यात मांसाचे गोळे असतात. रौजियामोचं तर नावच मांसावरून आहे.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी रस्त्यावरचं जेवण सोडून द्यावं. फळं, जंगगाव आणि घरून आणलेले दशमी, खाकरा यांवर दुपार काढा. दाणे आणि तीळ जिथे-तिथे पडतात, त्यामुळे ॲलर्जी असेल तर चिठ्ठीत तेही लिहून घ्या.

मुस्लिम वस्तीतला मुख्य बेइयुआनमन रस्ता पाहण्यासाठी आहे. खायला पश्चिमेकडच्या दापीयुआन किंवा साजिनच्याओ या गल्ल्यांत जा, जिथे स्थानिक लोक बसलेले दिसतात.

सुका मेवा घेताना फसवणूक होते का?

पाटीवरची किंमत किलोची नसते. चीनमध्ये भाव 'जिन'चा, म्हणजे अर्ध्या किलोचा असतो. काही पाट्यांवर बारीक अक्षरात ५० किंवा १०० ग्रॅम लिहिलेलं असतं. हाताने वजन दाखवण्याऐवजी 'वीस युआनचं द्या' असं पैशात मागा, म्हणजे वाद उरत नाही.

आधी काय काय आरक्षित करावं?

तट, घंटामनोरा, नगारखाना यांची तिकिटं साध्या दिवशी दारात मिळतात. बेइलिनचं आदल्या दिवशी करून ठेवा. प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट बरोबर हवा, मुलांचाही. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर असतं, आणि झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो अनेक दारांवर चालत नाही. नाव पासपोर्टवर जसं छापलं आहे तसंच टाका. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या नावात आलेलं असतं, ते गाळलं की यंत्र जुळवत नाही.

शान्शी इतिहास संग्रहालय मोठं आणि अप्रतिम आहे, पण त्याची आरक्षणं काही वेळात संपतात आणि आत तीन तास जातात. पायी दिवसात ते कोंबू नका.

मुलांची सवलत कुठे वयावर, कुठे उंचीवर. सहा वर्षांखालची किंवा १.२ मीटरखालची मुलं सहसा फुकट, पुढच्यांना अर्धं. सवलत खिडकीवर मागावी लागते, आपणहून देतीलच असं नाही. आजी-आजोबांचे पासपोर्टही पुढे करा, ज्येष्ठांना अनेक ठिकाणी सूट आहे.

पैसे कसे द्यायचे? यूपीआय चालतं का?

नाही. घरून निघण्याआधी फोनवर अलीपे हे पैसे देण्याचं चिनी ॲप उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेत त्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच नूडल्सच्या वेळी व्यवहार अडतो. बँकेचा ओटीपी येतो म्हणून भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे परदेशी कार्डावर शुल्क लावत नाही, वर ३ टक्के लावतं. नवरा-बायको दोघांच्या फोनवर वेगवेगळी कार्डं ठेवा. शिवाय पाच, दहा, वीसच्या नोटा मिळून दोनशे-तीनशे युआन खिशात. शंभराची नोट मोडून द्यायला टपरीवाल्याकडे सुटे नसतात.

व्हॉट्सॲप आणि गूगल नकाशा?

हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडतात. पण उघडला तरी गूगलचा नकाशा चीनमध्ये भरवशाचा नाही, जागा शेकडो मीटर सरकलेल्या दिसू शकतात आणि नवी मेट्रो स्थानकं गायब असतात. ॲमॅप हे चिनी नकाशाचं ॲप वापरा, किंवा आयफोनवरचा ॲपलचा नकाशा. टॅक्सीसाठी अलीपेमधलंच दीदी पुरेसं आहे.

स्वच्छतागृहांचं काय?

सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर आणि फुकट आहेत. बहुतेक भारतीय पद्धतीची. कागद नसतो, पाण्याचा फवारा तर नाहीच. टिश्यूची पाकिटं, हाताचा साबण आणि अर्ध्या लिटरची रिकामी बाटली जवळ ठेवा. स्वच्छ आणि मुलांसाठी सोयीचं हवं असेल तर घंटामनोऱ्याभोवतीच्या मोठ्या मॉलमध्ये जा, बाळाचं लंगोट बदलायला खोलीही असते. तटावर चढण्याआधी सगळ्यांना जाऊन यायला सांगा, वर दोन सोयींमधलं अंतर मोठं आहे.

बाबागाडी नेता येईल? आजी-आजोबांचं?

तटाच्या आणि मनोऱ्यांच्या पायऱ्या उभ्या आहेत, गाडी दोघांनी उचलावी लागते. एका हाताने घडी होणारी हलकी गाडी असेल तरच न्या, आणि मुस्लिम वस्तीच्या गर्दीत ती घडी करूनच ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला झोळीसारखा पट्टा उत्तम.

गुडघेदुखी असलेल्यांसाठी तट आणि नगारखाना वगळून शूयुआनमन, मशीद आणि पॅगोड्याचं आवार असा सपाट दिवस होतो. धाकटा हंस पॅगोडा हाही चांगला पर्याय आहे: ७०७ मधला, जुन्या झाडांची बाग, गर्दी कमी, आणि शेजारचं शीआन संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं.

रस्ता ओलांडताना काय सांभाळायचं?

वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून पाऊल टाकताना आधी डावीकडे बघायचं. आपल्या मुलांची सवय उलटी असते, पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी तोंडाने म्हणून घ्या. विजेच्या दुचाकी आवाज न करता पदपथावरूनही येतात. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असला तरी उजवीकडे वळणारी वाहनं चालू असतात.

मूल गर्दीत सुटलं तर?

सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा पूर्ण फोटो काढा. हॉटेलचं चिनी लिपीतलं कार्ड आणि तुमचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह त्याच्या खिशात ठेवा. 'सुटलास तर जिथे आहेस तिथेच थांब, गणवेशातल्या माणसाला कार्ड दाखव' एवढंच शिकवा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा १२०. मेट्रोच्या दारात आधी एक मोठा माणूस, मग मुलं, शेवटी दुसरा मोठा.

कोणता महिना बरा?

मार्चअखेर ते मेचा मध्य, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. सप्टेंबरला लोक थंडीची सुरुवात म्हणून निवडतात, पण तेव्हा इथे दिवसेंदिवस रिपरिप पाऊस लागतो. जुलैत पारा ४० पर्यंत जातो आणि तटाच्या विटा भट्टीसारख्या तापतात. हिवाळ्यात शून्याखाली थंडी, धुरकट हवा, आणि सूर्योदय जवळजवळ आठला. १ ते ७ ऑक्टोबर, १ ते ५ मे आणि चिनी नववर्षाचा आठवडा मुलांसह पूर्ण टाळा.

चौघांच्या कुटुंबाला खर्च किती?

दोन मोठे, अर्ध्या तिकिटाची दोन मुलं धरून: तट ५४ युआन दराने १६२, दोन्ही मनोऱ्यांचं एकत्र तिकीट ५० दराने १५०, मशीद आणि पॅगोड्याचं मंदिर मिळून साधारण २००, मेट्रो ५०, खाणं ३०० ते ३५०. म्हणजे ९०० युआनच्या आसपास. एक युआन १२ ते १३ रुपयांचा धरला तर ११ ते १२ हजार रुपये. दर वाढतात, दहा टक्के जास्त धरा. बेइलिन, शिक्का आणि वेषभाडं यात नाही.

मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी) त्याच दिवशी उरकता येतील?

नाही. ते शहराच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर आहेत. जाऊन-येऊन आणि तिथे फिरून सहा-सात तास जातात. त्यांना वेगळा दिवस द्या, आणि शक्य असेल तर या पायी दिवसाच्या आधीचा नको, नंतरचा.

व्हिसा आणि पोचण्याचं काय?

भारतीय पासपोर्टला आधी काढलेला पर्यटन व्हिसा लागतो. २४० तासांची व्हिसाविना थांबण्याची सवलत ठरावीक ५५ देशांच्या नागरिकांना आहे, भारत त्यात नाही. अमेरिकेचा पासपोर्ट असलेल्या मराठी कुटुंबांना ती मिळते, मात्र पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं हवं. अमेरिकेतून येऊन अमेरिकेलाच परत, असं असेल तर सवलत लागू होत नाही.

बीजिंगहून वेगवान रेल्वे साडेचार ते सहा तासांत पोचवते. चीनमधल्या चीनमध्ये विमानाने येणार असाल तर पॉवर बँक तपासा. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' ही चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते. सुरक्षा तपासणीत ती तिथेच टाकून द्यावी लागते. शीआनमध्ये उतरल्यावर नवी घ्या, किंवा दुकानांच्या दाराशी असलेल्या खणांतून अलीपेने तासावर भाड्याने घ्या.